विजेवर चालणारी वाहने : सहावी-सातवीसाठी एक परिसरपाठ

पुण्याहून पौडकडे जाणारा रस्ता घाट उतरतो, पिरंगुट मागे टाकतो आणि थोड्याच वेळात कासार आंबोली लागते. मुळशी तालुक्यातील हे गाव शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. शेतीचे गाव असले तरी आसपास कारखाने उभे राहिल्यामुळे या रस्त्यावर मालमोटारी, बसगाड्या, मोटारी व दुचाक्या यांची वर्दळ दिवसभर चालू असते. शाळा सुटण्याच्या वेळी कुंपणाच्या आतून हा रस्ता पाहणाऱ्या मुलांच्या एक गोष्ट केव्हाच लक्षात आली आहे. एखादी दुचाकी अगदी जवळून जाते, पण तिचा आवाज येत नाही. तिला धूर सोडण्याची नळी नसते आणि तिच्या क्रमांकाची पाटी हिरवी असते.

शिक्षकाने विचारले, ‘या गाडीला धुराची नळी का नाही?’ तर बहुतेक मुले उत्तर देतील, ‘गुरुजी, ती चार्जिंगवर चालते.’ उत्तर बरोबर आहे. पुढचा प्रश्न मात्र वर्गाला अडवतो : चार्जिंग म्हणजे गाडीत नेमके काय भरले जाते, आणि ते येते कोठून? पाठाची सुरुवात या प्रश्नापासून करावी. कारण विजेच्या गाड्यांविषयी मुलांच्या कानांवर येते ते बहुधा जाहिरातींतून आणि घोषणांतून. ‘प्रदूषण नाही, खर्च नाही’ एवढे ऐकून मूल समाधान पावले, तर त्याला एक वाक्य पाठ झाले इतकेच म्हणता येईल. ते वाक्य कितपत खरे आहे हे त्याला घरच्या वीजबिलावरून व गावच्या डी.पी.वरून स्वतः तपासता आले पाहिजे. प्रस्तुत पाठाचा हेतू तोच आहे.

पूर्वतयारी

पाठाच्या दोन दिवस आधी मुलांस दोन कामे सांगावीत. पहिले काम घरचे मागील महिन्याचे वीजबिल पाहून त्यावरील एकूण युनिट व युनिटचा दर वहीत उतरवून घेण्याचे. ज्यांच्या घरी बिल सापडणार नाही त्यांना शाळेचे बिल दाखवावे. दुसरे काम वाहनांच्या गणनेचे. शाळेच्या आवारातच बसून अर्धा तास रस्त्यावरून जाणारी वाहने मोजावीत आणि त्यांपैकी हिरव्या पाटीची किती ते वेगळे लिहावे. खाजगी विद्युत्‌वाहनाच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतात, भाड्याने चालणाऱ्या वाहनाच्या पाटीवर पिवळी. मुले हा फरक फार लवकर टिपतात. गणना कोणत्याही परिस्थितीत रस्त्याच्या कडेला उभे राहून करू देऊ नये.

साहित्य म्हणून सायकलचा डायनामो, टॉर्चचे सेल, चार्जिंगचा एखादा दिवा, घरगुती इस्त्री आणि पाण्याची कळशी एवढे पुरे आहे. इस्त्री केवळ तिच्यावर लिहिलेला वॅटचा आकडा वाचण्यासाठी हवी.

तार मागे राहिली

विजेची गाडी ही अगदी नवी वस्तू आहे असा मुलांचा समज असतो. तो प्रथम दूर करावा. १८९९ साली कामिल जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने फ्रान्समध्ये विजेवरची मोटार ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने चालविली. तोपर्यंत कोणतीही मोटार त्या वेगाला पोचली नव्हती. आपल्याकडे मुंबईत १८७४ पासून घोडे ट्राम ओढीत होते. १९०७ च्या मे महिन्यात तेथे विजेची ट्राम सुरू झाली व ती ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली. १९२५ साली मुंबईत विजेची आगगाडी धावू लागली आणि पुढे घाट ओलांडून वीज पुण्यापर्यंत आली. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी विजेच्याच इंजिनाने ओढली जाई.

मग विजेवरच्या मोटारी मागे का पडल्या? ट्रामला व आगगाडीला वीज वरच्या तारेतून मिळते. गाडी रुळावरूनच जाणार असल्यामुळे तार तिच्या डोक्यावर राहू शकते. मोटार मात्र कोठेही वळते, तिच्यामागे तार कशी धावणार? तिने वीज बरोबर बाळगली पाहिजे. त्या काळी ती साठविण्याचे साधन म्हणजे १८५९ मध्ये गास्तों प्लान्ते याने शोधलेला शिशाचा संचायक घट, आणि तो फारच जड. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा मावते तेवढी साठविण्यास शिशाचे कित्येक मण वजन लागे. त्यामुळे पेट्रोलच्या इंजिनाने बाजी मारली.

हे चित्र पालटले ते लिथियम-आयन घटामुळे. तो १९९१ मध्ये जपानात प्रथम बाजारात आला आणि त्याचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथम तो भ्रमणध्वनीत व संगणकात बसला, मग दुचाकीत, मोटारीत आणि बसमध्ये. पुण्याच्या शहर बससेवेत विद्युत् बस फेब्रुवारी २०१९ मध्ये दाखल झाल्या. राज्य परिवहन महामंडळाची ‘शिवाई’ ही विद्युत् बस १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर सुरू झाली. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे. याच मार्गावर १ जून १९४८ रोजी राज्यातील पहिली एस.टी. धावली होती, म्हणून तो दिवस व तो मार्ग निवडला गेला. एक जून ही तारीख शिक्षकांच्या तर विशेष परिचयाची आहे. जन्माची नोंद नसलेल्या किती पिढ्यांच्या मुलांचा जन्म दाखल-खारीज रजिस्टरात त्या एकाच दिवशी झाला आहे, हे सांगितल्यास वर्गात हशा पिकेल आणि तारीख मात्र पक्की लक्षात राहील.

घटात काय होते

‘घटात वीज भरतात’ असे आपण बोलतो, पण पिंपात पाणी भरावे तशी वीज घटात भरली जात नाही. घटात रासायनिक बदल घडतो व ऊर्जा त्या रूपाने साठते. लिथियम-आयन घटाच्या एका बाजूस ग्रॅफाइटचे पातळ थर असतात, दुसऱ्या बाजूस लिथियम असलेले धातूचे संयुग. बाहेरून वीज दिली की लिथियमचे आयन त्या संयुगातून निघून, वहीच्या पानांत पिंपळपान ठेवावे तसे, ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. गाडी चालू केली की ते परत निघतात. आयन घटाच्या आतून परततात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून. इलेक्ट्रॉनांच्या त्या बाहेरच्या वाटेवरच मोटर ठेवलेली असते, म्हणून चाक फिरते.

सहावीच्या मुलांस एवढे पुरे. सातवीच्या वर्गात आणखी एक मुद्दा घ्यावा. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सेकंदास पन्नास आवर्तने या गतीने उलटसुलट होत असते. घटाला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज चालते. दुचाकीबरोबर मिळणारा चार्जर ही उलटसुलट वीज एकदिश करून देतो. रस्त्यावरील जलद चार्जिंग केंद्रात हेच काम बाहेरच्या मोठ्या पेटीत होते आणि तयार एकदिश वीज थेट घटाकडे जाते. पेटी गाडीत वाहून न्यावयाची नसल्यामुळे ती हवी तेवढी मोठी करता येते. केंद्रातील चार्जिंग झपाट्याने होण्याचे मुख्य कारण हेच.

तेथेही एक मर्यादा आहे. घट ऐंशी टक्के भरेपर्यंत वेग चांगला असतो, पुढे तो मुद्दाम कमी करावा लागतो. शिक्षकाने येथे नळाखाली कळशी भरून दाखवावी. प्रथम नळ पूर्ण सोडला तरी चालते, पण पाणी काठोकाठ आले की तो बारीक केला नाही तर पाणी बाहेर सांडते. घटात पाणी सांडत नाही. तेथे थरांत शिरण्यास जागा न मिळालेले लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठावर साचू लागते व घट कायमचा बिघडतो.

हिशेब

पाठाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा असून त्यास एक संपूर्ण तासिका द्यावी. गणिताच्या तासाला घेतला तरी हरकत नाही.

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. आता समजा, एका दुचाकीचा घट तीन युनिटांचा आहे व तो पूर्ण भरल्यावर गाडी ९० किलोमीटर जाते. चार्जरमध्ये व घटात थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून मीटरवर तीनऐवजी सुमारे ३.४ युनिट पडतील. युनिटचा दर दहा रुपये धरल्यास ९० किलोमीटरांस ३४ रुपये खर्च आला. तेवढेच अंतर जाण्यास लिटरला ४५ किलोमीटर चालणाऱ्या दुचाकीला दोन लिटर पेट्रोल लागेल आणि लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर २१० रुपये मोजावे लागतील. दर व भाव हिशेबासाठी धरले आहेत. प्रत्येक मुलाने आपल्या बिलावरील दर आणि त्या दिवशीचा पंपावरील भाव घालून उत्तर काढावे.

कासार आंबोलीहून रोज पुण्यास कामाला जाऊन परतणाऱ्या माणसाचे ५० किलोमीटर होतात. महिन्याला पंचवीस दिवस धरल्यास १,२५० किलोमीटर. पेट्रोलचा खर्च सुमारे २,९१७ रुपये येतो, विजेचा सुमारे ४७२ रुपये. हे आकडे फळ्यावर येताच वर्ग विजेच्या गाडीच्या बाजूने निकाल देऊन मोकळा होईल. शिक्षकाने तो निकाल थोडा थांबवून धरावा आणि बिल पुन्हा हाती घ्यावयास लावावे.

बिलावर सर्व युनिटांस एक दर नसतो. पहिल्या शंभर युनिटांस एक, त्यापुढे तीनशेपर्यंत दुसरा व बराच अधिक, त्यापुढे आणखी चढा. ज्या घरी महिन्यास ८० युनिट जळत होते तेथे गाडीचे ४७ मिळून १२७ झाले. वरचे २७ युनिट चढ्या दराने आकारले जातील. म्हणजे गाडीच्या विजेचा दर घराच्या जुन्या दरापेक्षा जास्त पडला. बचत तरीही उरतेच, पण ती जाहिरातीत सांगितल्याहून कमी असते. शिवाय गाडीची किंमत सारख्याच प्रतीच्या पेट्रोल गाडीहून अधिक असू शकते, आणि घट हा झिजणारा भाग आहे. प्रत्येक वर्षी त्याची साठवण थोडी कमी होते, काही वर्षांनी तो बदलावा लागला तर मोठी रक्कम एकदम काढावी लागते. रोज ५० किलोमीटर जाणाऱ्यास हा व्यवहार फायद्याचा आहे. आठवड्यातून एकदा पौडच्या कचेरीत जाणाऱ्या माणसाला तो परवडेल का? हा प्रश्न मुलांकडूनच सोडवून घ्यावा. दोन्ही उत्तरे एकाच वर्गात, एकाच फळ्यावर उभी राहिली की गणिताचा उपयोग काय हे निराळे सांगावे लागत नाही.

वेळेचा हिशेब सोपा आहे. घरचा चार्जर ७५० वॅटचा असेल तर ३.४ युनिट भरण्यास साडेचार तास लागतील. इस्त्रीवरील आकडा वाचल्यावर मुलांच्या लक्षात येईल की दुचाकीचे चार्जिंग म्हणजे एक इस्त्री साडेचार तास चालू ठेवणे होय. मोटारीचा घट तीस युनिटांचा असेल आणि ती घरच्या जाड तीन पिनांच्या सॉकेटवर, म्हणजे सुमारे ३,३०० वॅटवर लावली, तर तिला दहा तास लागतात. दुचाकी सव्वातीन अँपिअर प्रवाह घेते, मोटार पंधराच्या आसपास. प्रवाह साडेचार-पाच पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता तितकीच पट न होता वीस-पंचवीस पट होते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंख्यासाठी घातलेल्या बारीक तारेवर मोटार का लावू नये, याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

यानंतर मुलांस गावच्या डी.पी.कडे न्यावे, पण कुंपणापासून चांगल्या अंतरावर उभे करावे. रोहित्राची क्षमता त्याच्यावरील पाटीवर लिहिलेली असते. खेड्यांतून ६३ अथवा १०० के.व्ही.ए. ही मापे पुष्कळ आढळतात. रात्री आठ वाजता वीस घरांनी एकाच वेळी मोटारी चार्जिंगला लावल्या तर ६६ किलोवॅट भार केवळ तेवढ्यानेच होईल, म्हणजे ६३ चे रोहित्र दिवे-पंखे धरण्यापूर्वीच भरून गेले. त्याच मोटारी रात्री अकरापासून पहाटेपर्यंत पाळीपाळीने लावल्या तर तेच रोहित्र पुरेल. पाटाचे पाणी पाळीने घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हे पटवून द्यावे लागत नाही.

एक प्रश्न व त्याचे उत्तर

या पाठात प्रत्येक वर्गात एक चौकस मूल हमखास विचारते : ‘गुरुजी, चाकालाच डायनामो लावला तर गाडी चालता चालता स्वतःच चार्ज होणार नाही का?’ या प्रश्नास हसू नये, कारण प्रश्न उत्तम आहे. सायकल उलटी ठेवून चाक फिरवावे, मग डायनामो टेकवून पुन्हा फिरवावे. दुसऱ्या वेळी हाताला जोर अधिक लागतो हे मुलास स्वतःला जाणवेल. दिव्याला मिळणारी ऊर्जा त्याच्याच हातातून जाते. सपाट रस्त्यावर डायनामो जेवढे देईल त्याहून अधिक घटातून घेईल.

उतारावर मात्र गोष्ट वेगळी. पिरंगुटचा घाट उतरताना पेट्रोलची गाडी ब्रेक दाबते आणि ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. विजेच्या गाडीत तीच मोटर उतारावर डायनामोचे काम करते, गाडी आवरते व थोडी वीज घटात परत धाडते. थोडी म्हणजे किती? माणसासह दोनशे किलोची दुचाकी शंभर मीटर उंच चढली तर १,९६,००० ज्यूल कार्य होते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा हे युनिटाच्या विसाव्या भागाहून जेमतेम थोडे अधिक भरते. सपाट रस्त्यावरचे दीड-पावणेदोन किलोमीटर एवढीच त्याची किंमत, आणि उतरताना त्यातलाही काही अंशच परत मिळतो. बसगाडीसारख्या जड व वारंवार थांबणाऱ्या वाहनात या सोयीचा लाभ अधिक.

वीज येते कोठून

येथे पाठ पुस्तकातून बाहेर पडून तालुक्याच्या मातीवर येतो. कासार आंबोलीहून हाच रस्ता पौडवरून पुढे मुळशीच्या धरणाकडे जातो. मुळा व निळा या नद्यांवरील हे धरण टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी बांधले. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस कोकणात उतरविले आणि पायथ्याशी भिरा येथे १९२७ मध्ये वीजगृह सुरू झाले. ती वीज मुंबईकडे गेली.

ज्यांच्या शेतजमिनी व घरे या जलाशयाखाली जाणार होती त्या मावळ्यांनी १९२१ साली रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी या लढ्यातूनच दिली. स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास सोसला, तरी धरण थांबले नाही. गावे पाण्याखाली गेली. आजच्या वर्गात त्या गावांहून उठलेल्या घराण्यांची मुले असू शकतात, त्याचप्रमाणे कारखान्यांच्या कामासाठी दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्यांचीही असतात. शिक्षकाने इतिहास सांगताना कोणा मुलाकडे बोट दाखवू नये. ज्याच्या घरी आजी-आजोबांना काही आठवत असेल ते त्याने विचारून यावे, एवढेच सुचवावे. विजेला किंमत असते आणि ती नेहमी वीज वापरणाऱ्यानेच मोजलेली असते असे नाही, ही गोष्ट या तालुक्यातील मुलाला दूरच्या उदाहरणाने शिकविण्याचे कारण नाही.

भिऱ्याचा उपयोग आणखी एका कारणाने करावा. घट म्हणजे काय हे तेथे डोळ्यांना दिसते. तेथील जुन्या जनित्रांबरोबर पुढे दीडशे मेगावॅटचा एक उदंचन संच बसविला गेला. विजेला मागणी कमी असते त्या वेळी हा संच खालचे पाणी वर जलाशयात चढवितो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतो. म्हणजे डोंगरावरील तळे हाही एक संचायकच झाला. वर पाणी चढविणे म्हणजे चार्जिंग, खाली सोडणे म्हणजे गाडी चालविणे.

आता हिशेब. मुळशीचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली पडते. एक हजार लिटर पाणी इतके खाली आले की ४९ लाख ज्यूल, म्हणजे १.३६ युनिट ऊर्जा मिळते, आणि यंत्रातील घट वजा जाता सुमारे सव्वा युनिट वीज हाती येते. तर दुचाकीच्या एका चार्जिंगला पावणेतीन ते तीन हजार लिटर पाणी डोंगरावरून खाली यावे लागेल. घरावरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या मुलांनी डोळ्यांसमोर आणाव्यात.

पण कासार आंबोलीतील सॉकेटमधून येणारी वीज भिऱ्याचीच असते काय? तसे म्हणता येणार नाही. सर्व वीजगृहे एका जाळ्यात जोडलेली आहेत आणि गावाला महावितरण त्या जाळ्यातून वीज देते. त्यात चंद्रपूर, कोराडी अशा औष्णिक केंद्रांची कोळशाची वीज सर्वांत अधिक, आणि त्याखेरीज पाण्याची, वाऱ्याची, अणूची व दरवर्षी वाढत चाललेली सूर्याची. अर्थात पौड रस्त्यावर जो धूर निघाला नाही त्याचा काही भाग चंद्रपुराच्या धुराड्यातून निघतो. ‘प्रदूषण नाही’ हे वाक्य येथे दुरुस्त करून घ्यावे. कोळशाची वीज धरूनही विजेची दुचाकी एकंदरीत कमी धूर करते, कारण पेट्रोलच्या इंजिनात बहुतांश ऊर्जा उष्णतेत वाया जाते, तर विजेच्या मोटरमध्ये फारच थोडी. रस्त्याकाठच्या शाळेत बसणाऱ्या मुलांच्या छातीत जाणारा धूर तर निश्चितच घटतो. जाळ्यात सूर्याची वीज जसजशी वाढेल तसतशी हीच गाडी, तिच्यात काहीही न बदलता, अधिक स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या गाडीला ते साधत नाही.

जुन्या घटांचे काय, हेही विचारले जाईल. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनी वापरलेले घट परत घेऊन त्यांतील धातू काढण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कासाराच्या दुकानी तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत देऊन नवी घेण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांस यातील तत्त्व नवे नाही. फरक एवढाच की लिथियमचा घट घरी फोडण्याची वस्तू नव्हे आणि भंगारवाल्याच्या हातोड्याखाली तर तो मुळीच जाऊ नये.

सावधगिरी

मुळशीच्या पावसात हा विषय पुस्तकी राहत नाही. ताम्हिणी घाटाचा हा पट्टा राज्यातील अतिवृष्टीचा आहे. पडवीत ओल असते, भिंतीतून झिरपते, आणि तेथेच खिडकीतून काढलेल्या जोडवायरीवर गाडी लावलेली पाहावयास मिळते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक विजेची दुचाकी पेटली. त्या वर्षी देशात अशा आणखीही घटना घडल्या आणि त्यानंतर घटांच्या चाचण्यांचे नियम कडक करण्यात आले. वाहनांची चाचणी घेणारी देशातील एक प्रमुख संस्था, एआरएआय, पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे, हे मुलांस सांगण्यासारखे आहे.

मुलांनी घरी जाऊन वडीलधाऱ्यांना सांगाव्यात अशा गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या नेमक्या सांगाव्यात. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवरच चार्जर लावावा, जोडवायर घेऊ नये. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. उन्हातून तापून आलेली गाडी निवल्यावर मग चार्जिंगला लावावी. घराचा दरवाजा किंवा जिना अडेल अशा जागी, अथवा गॅसच्या टाकीजवळ, रात्रभर गाडी लावून ठेवू नये, कारण दुर्दैवाने पेट घेतलाच तर बाहेर पडण्याची वाट तीच असते. घटातून धूर वा चमत्कारिक वास येऊ लागला तर मुलांनी विझविण्याच्या भरीस न पडता दूर जाऊन मोठ्यांना हाक मारावी व १०१ अथवा ११२ या क्रमांकावर कळवावे. अर्थिंगचे महत्त्व सांगण्यापूर्वी शाळेच्या सॉकेटला अर्थिंग आहे किंवा नाही हे मुख्याध्यापकांनी जाणकार तारतंत्र्याकडून एकदा पाहून घेतलेले बरे. वर्गात सांगितलेले आणि शाळेच्या भिंतीवर दिसलेले यांत विसंगती असली की मुले दुसऱ्यावर विश्वास ठेवतात.

शाळेचे सॉकेट

शेवटी एक गोष्ट शिक्षकांपुरती. आता अनेक गुरुजी व बाई विजेच्या दुचाकीवरून शाळेत येतात. गाडी दिवसभर आवारात उभी असते, घरी परतण्याचे अंतर लांब असते आणि सॉकेट हाताशी असते. दिवसा सूर्याची वीज जाळ्यात भरपूर असते, तेव्हा चार्जिंगला दुपारची वेळ वाईट नाही. पण ते बिल शाळेच्या अनुदानातून भरले जाते. बिल थकून शाळेचा वीजपुरवठा तुटल्याचे प्रसंग शिक्षकांस नवे नाहीत, आणि तेव्हा संगणक व पंखे बंद पडतात ते मुलांचे. साडेतीन युनिटांचे चौतीस-पस्तीस रुपये ही रक्कम लहान आहे. तिघांनी रोज गाडी लावली तर महिन्याकाठी ती अडीच हजारांवर जाते. कालपर्यंत ज्या मुलांनी फळ्यावर हाच हिशेब केला, तीच मुले खिडकीतून गुरुजींची गाडी कोठे लावली आहे ते पाहत असतात.

यावर बंदी घालण्याची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवून रीतसर ठराव करावा, चार्जिंगसाठी निराळी जाड तार, निराळा खटका व एक छोटा उपमीटर बसवून घ्यावा आणि ज्याने जेवढे युनिट वापरले त्याने तेवढे पैसे दरमहा भरावे. उपमीटर वाचण्याचे काम सातवीच्या दोन मुलांकडे पाळीने सोपवावे. त्यासाठी वेगळी वही घालावी. तीत तारीख, मीटरवरील आकडा, वापरलेले युनिट आणि गाडी लावणाऱ्या शिक्षकाची सही असे चार रकाने असावेत.